टेंगळाची पिल्लं आणि बिनटेंगळाची: घरच्या तुऱ्याच्या कोंबड्यांचं एक प्रकरण

१७ जुलैच्या पहाटे अंडी उबवायच्या मशीनच्या काचेला पिल्लू चिकटलेलं दिसलं, तेव्हा मी आधी त्याचं डोकं पाहिलं. ओलंच होतं अजून, पण कपाळाच्या वर वाटाण्याएवढं टेंगूळ स्पष्ट होतं आणि त्यावर पांढुरक्या लवेचा झुबका. दुपारपर्यंत पाच पिल्लं बाहेर आली. त्यातल्या तिघांना टेंगूळ होतं, दोघांची डोकी आमच्या परड्यातल्या कुठल्याही देशी पिल्लासारखी सपाट. अंडी मात्र सगळी डोक्यावर पिसांचा तुरा असणाऱ्या पोलिश जातीच्या कोंबड्यांचीच, मी स्वतः उचललेली. ही दोन सपाट डोकी आली कुठून, या प्रश्नापासून हे प्रकरण सुरू झालं आणि पुढचे आठ महिने चाललं.

आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. घरी देशी कोंबड्या कायमच्या. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात दिरांनी एका हौशी पक्षी विकणाऱ्याकडून पांढऱ्या तुऱ्याची काळी पोलिश पिल्लं आणली, बाजारात ज्यांना ‘पोलिश कॅप’ म्हणतात ती. सहा पिल्लं, वय साधारण दोन महिने. विकणाऱ्याने खात्रीने सांगितलं होतं, एक नर आणि पाच माद्या. संक्रांत झाली आणि एकामागून एक तिघं आरवले. म्हणजे तीन कोंबडे, तीन कोंबड्या. पैशांपेक्षा मला वाईट वाटलं ते याचं, की आम्ही पाच माद्यांच्या हिशोबाने खुराडं बांधलं होतं. दोन कोंबडे ओळखीत देऊन टाकले, सगळ्यात भरदार तुऱ्याचा एक ठेवला.

नावात पोलंड दिसत असला तरी ही जात घडली नेदरलँड्समध्ये. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत हे पक्षी ओळखू येतात. तुरा म्हणजे नुसती पिसं असं आपल्याला वाटतं, पण त्याखाली कवटीच वर आलेली असते आणि मेंदूचा पुढचा भाग त्या फुगवट्यात असतो. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ च्या ग्रंथात या कवटीचं वर्णन केलं आहे. त्या फुगवट्याचं हाड सलग नसतं, त्याला भोकं असतात. पिल्लाच्या डोक्यावर दिसतं ते टेंगूळ हेच. हे आधी नीट समजून घेतलं असतं तर एक पिल्लू वाचलं असतं.

पहिल्या खेपेला काय काय झालं ते सांगते. एप्रिलच्या अखेरीस कोंबड्या घालायला लागल्या. १५ जूनपर्यंत त्या देशी कोंबड्यांबरोबर परड्यात मोकळ्या फिरत होत्या. मग जाळीच्या वेगळ्या खुराड्यात तिघींना आणि पोलिश कोंबड्याला ठेवलं. १८ जूनपासून अंडी साठवली, आठ दिवसांत १६ झाली, २६ ला मशीनमध्ये घातली. पंख्याचं छोटं मशीन, तापमान ३७.५. सातव्या रात्री दिवे घालवून बॅटरीवर अंडी बघितली. ज्यात जीव धरलेला असतो त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मधे हलणारा ठिपका. दहा अंड्यांत ते दिसलं, सहा स्वच्छ रिकामी. दहातल्या एकात पुढे रक्ताचं कडं तयार झालं, म्हणजे जीव धरून मेला. नऊ अंडी अठराव्या दिवसापर्यंत आली. पाच फुटली. चार अंड्यांतली पिल्लं पूर्ण वाढून आतच मेली, त्यातल्या दोघांनी तर कवचाला चोचीने भोकही पाडलं होतं.

म्हणजे एका खेपेत तीन दुखणी: अंडी फळली कमी, पिल्लं कवचात मेली, आणि जी आली त्यातली दोन भलत्याच बापाची. पुढे चौथंही निघालं.

मेलेली चार अंडी मी फोडून पाहिली. हे काम कुणाला आवडत नाही, मलाही नाही आवडलं, पण ती न बघता फेकली असती तर पुढच्या खेपेलाही तेच झालं असतं. चारही पिल्लं चिकट ओली, कवचात पाणी साचलेलं, आणि अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी अगदी लहान. पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं आणि मग कवच फोडतं. इथे श्वास घ्यायला जागाच नव्हती. चूक माझी होती. मशीनबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की पाण्याचा ट्रे भरा, मी रोज भरत होते. तो सल्ला जिथे हवा कोरडी असते तिथे ठीक. आषाढात आमच्याकडे बाहेरची हवाच २७ अंशांवर ९० टक्के दमट असते. तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांना तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते, आणि पहिल्या अठरा दिवसांना ४५ ते ५५ टक्के पुरते. मी वर आणखी पाणी घालत होते. अंड्याने अठरा दिवसांत आपल्या वजनाच्या साधारण ११ ते १३ टक्के पाणी बाहेर टाकायला हवं. ५२ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४६ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, त्यावर हे घरबसल्या कळतं. मी तोललंच नव्हतं.

रिकाम्या अंड्यांचं कारण शोधायला दोन संध्याकाळी खुराड्याबाहेर स्टूल टाकून बसले. आमचा कोंबडा भरदार तुऱ्याचा म्हणून निवडलेला, आणि तोच तुरा त्याच्या डोळ्यांवर पडदा होऊन लोंबत होता. तो एक पंख खाली सोडून कोंबडीभोवती फेर धरायचा, ती दोन पावलं सरकायची, आणि हा ती होती तिथेच घिरट्या घालत राहायचा. एकदा तर पाण्याच्या भांड्याभोवती फेर धरला. बिचाऱ्याला दिसतच नव्हतं. कोंबड्यांनाही समोरचं दिसत नव्हतं, त्याचा पाय अंगावर पडला की त्या दचकून पळायच्या. नंतर कळलं, तुऱ्याच्या कोंबड्या पाळणारे जाणकार विणीच्या दिवसांत डोळ्यांपुढची पिसं कापतात किंवा वर बांधून ठेवतात.

मी कापली. दिरांनी कोंबडा टॉवेलात गुंडाळून धरला, मी शिवणाची छोटी कात्री घेतली. पूर्ण वाढलेली, देठ पांढरं झालेली पिसंच कापायची. ज्यांचं देठ निळसर आहे त्यात अजून रक्त असतं, ती कापली तर भळाभळा वाहतं. डोळ्यांसमोरचा आणि बाजूचा भाग मोकळा केला, मागचा तुरा तसाच ठेवला. टॉवेल सोडला तसा तो क्षणभर उभा राहिला, मग मान एकदम वळवून कुंपणावरच्या कावळ्याकडे बघितलं. आमच्याकडे आल्यापासून त्याने इतक्या लांबचं काही पाहिलेलं मला आठवत नाही. रूप गेलं खरं, पुढची पीस झडण होईपर्यंत कापलेली पिसं परत येत नाहीत. प्रदर्शनासाठी पाळणाऱ्यांना ते जिवावर येईल. मला नाही आलं.

आता ती दोन सपाट डोकी. १५ जूनला वेगळं केलं आणि १८ पासूनची अंडी घेतली, एवढ्यावर मी निर्धास्त होते. पण कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही जिवंत राहतं. परड्यातला देशी कोंबडा तांबडा, उंच, आणि त्याला लख्ख दिसतं. आमच्या आंधळ्या पडद्याआडच्या कोंबड्यापेक्षा त्यानेच आधी काम उरकलं होतं. बाप नक्की हवा असेल तर कोंबड्या वेगळ्या केल्यावर तीन आठवड्यांची अंडी खायला वापरायची आणि त्यानंतरचीच उबवायची. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही, कारण बाकीच्या चुका अंडी वाया घालवतात, ही चूक वंश बिघडवते आणि लगेच दिसतही नाही.

पोलिशमध्ये ती दिसली, कारण इथे डोकंच साक्ष देतं. तुऱ्याचा जनुक प्रभावी आहे, पण अर्धवट. आई आणि बाप दोघांकडून आला तर तुरा भरगच्च, एकाकडूनच आला तर लहान. डोक्याच्या हाडाचं टेंगूळ मात्र एका बाजूने आलं तर दिसत नाही किंवा नावापुरतं दिसतं. त्यामुळे पहिल्या दिवशी ही दोन पिल्लं निव्वळ देशी वाटली, आणि पाचव्या आठवड्यात दोघांच्याही डोक्यावर लहानशी शेंडी उभी राहिली. साध्या जातीत हीच भेसळ मला कदाचित कधीच कळली नसती.

चौथं दुखणं याच दोघांमुळे झालं. पाचही पिल्लं एका खोक्यात, एका बल्बखाली होती. सपाट डोक्याची पिल्लं चपळ, दिसेल त्या ठिपक्याला चोच मारणारी. पाचव्या दिवशी सकाळी टेंगळाच्या एका पिल्लाच्या डोक्यावर रक्ताचा थेंब दिसला. मी हळद लावली आणि तिथेच ठेवलं. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनी त्या लाल डागावर टोचून टोचून जखम केली. वेगळं काढलं तेव्हा ते मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरत होतं. रात्री माझ्या हातात गेलं. जिथे हाडालाच भोकं आहेत तिथली चोच थेट आत पोचते. त्या दिवसापासून टेंगळाची पिल्लं आमच्याकडे कधीही सपाट डोक्यांच्या पिल्लांत राहत नाहीत, आणि रक्त दिसलं की त्याच मिनिटाला पिल्लू वेगळं.

दुसऱ्या खेपेसाठी मी घाई केली नाही. तुरा कापल्यावर रोजच्या वापरातली अंडी बशीत फोडून बलक बघायला लागले. न फळलेल्या अंड्याच्या बलकावर एक वेडावाकडा पांढरा ठिपका असतो, फळलेल्यावर तोच ठिपका गोल कड्यासारखा दिसतो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सातपैकी सहा बलकांवर कडं दिसलं तेव्हा अंडी साठवायला सुरुवात केली. २८ ऑगस्टला २० अंडी झाली. बारा मशीनमध्ये घातली. आठ अंड्यांवर आमच्या चुलत सासूबाईंची, काकींची, खुडूक, म्हणजे उबवायला बसू पाहणारी, कोंबडी रवणावर बसवली. पोलिश कोंबड्यांना अंडी घालून उठून जायचं तेवढं ठाऊक, खुडूक होणं त्यांच्यात क्वचितच, म्हणून देशी कोंबडीचाच आधार.

काकींनी टोपलीत राखेचा थर, त्यावर भाताचं गवत असं घर केलं. राखेने उवा राहत नाहीत. अंडी हातात घेऊन त्या एकेक बघत होत्या. “गो बाय, टोकाची अंडी घालू नको, सगळे कोंबे येतले.” म्हणजे टोकदार अंड्यांतून नुसते नर येतात. त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव, मी वाद घातला नाही. पण मशीनमधली पाच सगळ्यात टोकदार अंडी शिसपेन्सिलने खूण करून ठेवली आणि फुटायच्या वेळी जाळीच्या वेगळ्या कप्प्यात टाकली.

या खेपेला अठराव्या दिवसापर्यंत ट्रे कोरडा. अंडी तोलली, सरासरी घट १२ टक्के आली. मग फिरवणं बंद केलं आणि ट्रेमध्ये पाणी घातलं, कारण फुटताना आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळू नये म्हणून शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० टक्के दमटपणा लागतो. मधे तेराव्या रात्री पाच तास वीज गेली. मशीनवर दोन गोधड्या टाकल्या आणि झाकण अजिबात उघडलं नाही. अंडी थोडी थंड झालेली चालतात, खुडूक कोंबडीही दाणे खायला उठतेच. पिल्लं अर्धा दिवस उशिरा आली, एवढंच.

बॅटरीवर वीसपैकी १७ फळलेली निघाली. मशीनच्या दहातून आठ पिल्लं, काकींच्या कोंबडीखालच्या सातांतून सातही. कोंबडी जिंकली, आणि काकींनी ते वाडीत सगळ्यांना सांगितलं. पंधराच्या पंधरा डोक्यांवर टेंगूळ होतं. १८ सप्टेंबरला मी ती डोकी एकेक करून बोटाने चाचपली, तेव्हा डोळे भरून आले होते.

वाढवण्याबद्दल थोडंच. पहिला आठवडा ३३ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंबाने. पाण्याला निपल लावलं, कारण उघड्या भांड्यात तुरा भिजतो, चिखल होतो, आणि ओल्या तुऱ्याखाली डोळे येतात. एक पिल्लू महिन्याचं होण्याआधी रक्ती हगवणीने गेलं. चौदा उरली.

आता नर-मादी. विकणाऱ्याने आम्हाला फसवलं असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता तसं म्हणवत नाही, त्यालाही कळलं नसेल. दोन महिन्यांच्या पोलिश पिल्लात ओळख खरंच अवघड आहे. देशी पिल्लात आपण आधी तुर्रेबाज लाल कलगी बघतो, पण पोलिशची कलगी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, दोन बारीक शिंगांची, आणि तीही पिसांत दडलेली. एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार उघडून लिंग ओळखायची पद्धत जपानी शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोधली, हॅचरीत ती आजही चालते, पण त्याला सराव लागतो आणि कच्च्या हाताने पिल्लाचं आतडं दुखावतं. पंखांची पिसं बघून ओळखणं फक्त त्यासाठीच जुळवलेल्या संकरात चालतं. क्रीम लेगबार नावाची एक तुऱ्याची जात आहे, केंब्रिजमध्ये पनेट या शास्त्रज्ञांच्या कामातून घडलेली, तिच्या पिल्लांचं लिंग पहिल्या दिवशी लवेच्या रंगावरून कळतं. आमच्या काळ्या पोलिशमध्ये यातलं काहीच नाही. पिसावरून डीएनए तपासणी होते आणि ती खात्रीची, पण चौदा पिल्लांचा तो खर्च मला नको होता. वाट बघायची तयारी होती.

प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाची प्लास्टिकची कडी घातली, पाय जाड होतील तशी बदलली, दर रविवारी डोक्याचा फोटो काढला आणि वहीत अंदाज लिहिला. वीस आठवड्यांनी, आरवणं आणि शेपटीची पिसं बघून, वही उघडली. चौथ्या आठवड्यातले अंदाज चौदापैकी आठ बरोबर, म्हणजे छापा-काटाच. आठव्या आठवड्यातले अकरा. बाराव्या आठवड्यातले चौदाही. शेवटी आठ कोंबडे आणि सहा तलंगा निघाल्या.

चौथ्या आठवड्यात मी चुकले ते धिटाईवरून. जे पिल्लू पुढे येऊन छाती काढतं ते नर, असं धरलं होतं. निळ्या कडीचं पिल्लू सगळ्यांशी भांडायचं, ती आज आमची सगळ्यात मोठी तलंग आहे. खरी खूण आहे तुऱ्याच्या एकेका पिसात. दहाव्या-बाराव्या आठवड्यात तुऱ्यातलं एक पीस दोन बोटांत धरून प्रकाशात बघा. मादीचं पीस रुंद, टोकाला गोल, आणि अशी पिसं एकमेकांवर बसून झेंडूच्या फुलासारखा घट्ट गोळा होतो. नराचं पीस अरुंद, भाताच्या पातीसारखं टोकाला निमुळतं, त्यावर चकाकी, आणि तुरा गोळा न होता मागे मानेवर विसकटून पडतो. तुरा किती मोठा आहे याला अर्थ नाही, पिसाचं टोक बघायचं. त्याच सुमारास नराच्या मानेवर आणि कमरेवरही टोकदार पिसं येतात, तिथून शंका राहत नाही. ज्यांना पोलिश विकत घ्यायच्या आहेत त्यांनी तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांची ‘जोडी’ म्हणून जादा पैसे देऊ नयेत.

टोकदार पाचांपैकी चार फुटली होती. दोन नर, दोन माद्या. चार पिल्लांवरून काही सिद्ध होत नाही, पण कारण वेगळंच आहे. पक्ष्यांत लिंग आईकडून ठरतं. तिच्या अर्ध्या बीजांडांत झेड गुणसूत्र असतं, त्यांतून नर, अर्ध्यांत डब्ल्यू, त्यांतून मादी, आणि बीजांड सुटतं तेव्हाच ते ठरून जातं. अंड्याचा आकार त्यानंतर, नळीतून खाली येताना बनतो. काकींना मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तरी टोकाचा घालू नको, कोंबीच्या पोटाखाली नीट बसणा नाय.” ते मात्र मला पटलं.

सहातल्या तीन तलंगा पुढच्या विणीसाठी ठेवल्या. निवडताना आधी चोच सरळ आहे ना, पाय भक्कम आहेत ना ते पाहिलं, तुरा त्यानंतर. भाऊ-बहीण जुळवायचे नाहीत म्हणून एक तरुण कोंबडा गोव्यातल्या एका पाळणाऱ्याला दिला आणि त्याच्या घरचा, वेगळ्या रक्ताचा आणला. जुना कोंबडा जानेवारीत काढला, तीन आठवडे अंडी खाल्ली, मगच नवा आत सोडला. त्याचा तुरा सोडायच्या आधीच कापला.

पहिल्या खेपेतल्या सपाट डोक्याच्या दोघांपैकी एक कोंबडा निघाला, एक तलंग. तिला काढून टाक असं सगळे म्हणत होते, माझ्याने झालं नाही. तिची शेंडी लहान, डोळे मोकळे, आणि बापाकडून आलेली देशी अक्कल. तुऱ्याचा जनुक तिच्याकडे एकच आहे. पोलिश कोंबड्याशी जुळवली तर तिची साधारण निम्मी पिल्लं भरगच्च तुऱ्याची येतील, निम्मी तिच्यासारखी. पण तिची अंडी मी उबवणार नाही, वंश पुन्हा मिसळायचा नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर ती घालायची थांबली, खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसली आणि हात घातला की घशातून घरघरायला लागली. खुडूक.

काकींनी राख आणि गवत टाकून टोपली केली. नव्या कोंबड्याची नऊ अंडी तिच्याखाली ठेवली, टोकाचं एकही नाही. काल बारावी रात्र होती. बॅटरीवर आठांत पिल्लं हलताना दिसली. शिमग्याच्या आधी फुटतील. या वेळी मशीन माळ्यावरच आहे.